बापूजींचं जुनिपर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी सगळं गाव आमरसात कोपरापर्यंत बुडालेलं असतं. मोहिनीही बुडालेली होती, पण तिचं लक्ष पातेल्यात नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओटा दिसतो, आणि ओट्यावर तिचे सासरे चुनीलाल पाटील, म्हणजे बापूजी, ओला फडका घेऊन एका कुंडीची कड पुसत बसले होते. पुसायचे, मान तिरकी करून बघायचे, पुन्हा पुसायचे. ज्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही तो कुंडी पुसतोय, आणि आपण हे बघायचं! मोहिनीनं हातातला आंबा असा पिळला की कोय थेट मोरीत जाऊन पडली.

कुंडी तरी कसली, पसरट ताटलीच. तिच्यात वीतभर उंचीचं झाड. जुनिपरचं बोन्साय म्हणे. थंड मुलखातलं. ना फळ, ना फूल, ना सावली. खोडाला तार गुंडाळून त्याला मुद्दाम वाकडं केलेलं, आणि त्या वाकडेपणाचंच घरात कौतुक. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ज्यांनी पुरुषभर उंचीची केळी उभी केली, पपईनं ट्रक भरले, ते बापूजी या काडीपायी वेडे झाले होते.

हे वेड आणलं धाकट्या सुनेनं. हेमांगी नाशिकला बँकेत आहे. मागच्या पावसाळ्यात सुरतेला बापूजींच्या हृदयात जाळी बसवली, डॉक्टरांनी मळ्यात जायला बंदी केली, आणि मळा मोठ्या मुलाच्या, हेमकांतच्या हाती गेला. बापूजी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायला लागले. गडी घाबरले, शेजारी रस्ता बदलून जायला लागले. तेव्हा दिवाळीला हेमांगी हे रोप घेऊन आली आणि बापूजींच्या समोर मांडी घालून बसली. म्हणाली, "बापूजी, मला पण येत नाही. आपण दोघं मिळून शिकू."

दोघं मिळून! मोहिनीनं तेव्हा दाराआडून ते ऐकलं होतं, आणि ते तिच्या पोटात जे रुतलं ते अजून निघालं नव्हतं.

कारण मोहिनी बापूजींशी बोलत नव्हती. भांडण वगैरे काही नाही हो. मर्यादा! या घरात मोठी सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि त्यांच्याशी तोंड उघडून बोलत नाही. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं, जसोदाबाईंनी, हे सांगितलं आणि मोहिनीनं ते पाळलं. चहा द्यायचा तर दाराची कडी वाजवायची आणि उंबऱ्यावर कप ठेवायचा. काही विचारायचं तर नवऱ्याला पुढे करायचं. बापूजींनाही काही सांगायचं असलं तर ते हवेत बोलायचे, "हेमकांत, तुन्ही बायकोले सांग, भाजीमा मीठ जास्त व्हयनं." हेमकांत घरात असो नसो. मोहिनी आत ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी मीठ कमी घालायची. तिची लेक कॉलेजात गेली तरी हेच.

मग हेमांगी आली. पहिल्याच सकाळी डोक्यावर पदर नाही की काही नाही, सरळ विचारलं, "बापूजी, चहात साखर किती घालू?" मोहिनीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. आता घर डोक्यावर घेणार म्हातारा, असं तिला वाटलं. आणि म्हातारा हसला! जसोदाबाई नंतर म्हणाल्या, "शहरनी पोर शे ती, तिले आपला रिवाज कसा जमी?" बस्स. इतक्यात मिटलं. जे मोहिनीनं तरुणपण घालवून पाळलं, ते दुसरीला एका वाक्यात माफ झालं.

तेव्हापासून जळत होती ती. उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणायचा? जळतच होती.

दिवाळीनंतर महिन्यातून एकदा हेमांगी नाशिकहून यायची. सासरा-सून तापीची वाळू चाळायचे, विटांचा चुरा करायचे, मुळं विंचरायचे. संक्रांतीला तार गुंडाळली. बापूजींची राठ बोटं थरथरायची आणि हेमांगी त्यांचं मनगट धरून सांगायची, "हळू बापूजी, ढोर बांधत नाही आहोत आपण." यावर बापूजी खोकला येईपर्यंत हसायचे. मोहिनीनं त्यांना सुरतेहून आणल्यापासून बिनमिठाची वरणं शिजवली, वेळेवर गोळ्या काढून वाटीत ठेवल्या, कडी वाजवली. तिच्या वाट्याला कधी अर्धं हसूही आलं नव्हतं.

आणि आता ऐका पुढची गोष्ट, जी त्या सकाळी फक्त मोहिनीला ठाऊक होती. झाड मेलेलं होतं.

मारलं बापूजींनीच. केळीवाला माणूस! झाड महिना महिना तेवढंच राहतं हे त्यांना सोसेना. हेमांगी बजावून गेली होती, "याला वाढवायचं नाही, वळवायचं." पण आखाजीला पोर येईल तेव्हा झाड कसं टवटवीत, भरलेलं दिसलं पाहिजे, म्हणून त्यांनी कोठीतून ठिबकात सोडायचं खत काढलं आणि तांब्यात कालवून पहाटेपहाटे घालायला लागले. केळीच्या हिशेबानं. ताटलीभर मातीत मूठभर खत! वर मे महिन्याचं ऊन. मातीवर पांढरी साय धरली ती ते रोज फडक्यानं पुसून काढायचे.

मोहिनी खिडकीतून हे बघत होती. तिच्या माहेरी पपईची रोपवाटिका, खतानं मुळं कशी जळतात हे तिला पोरवयापासून माहीत. पहिल्या दिवशी तिच्या ओठांवर आलं होतं, "बापूजी, नका घालू." आलं आणि तिनं गिळलं. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं ना? मग नाही बोलणार. हेमकांतला सांगता आलं असतं. त्यालाही नाही सांगितलं. परवा दुपारी सगळे झोपलेले असताना तिनं ओट्यावर जाऊन नखानं खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं काही नव्हतं, सुकं लाकूड. पानं मात्र अजून हिरवी. ही जात अशीच, मेल्यावरही किती दिवस हिरवी दिसते. मोहिनीला आधी भीती वाटली आणि मग, खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

गाडी आली ती ऊन चढल्यावर. भावेश, धाकटा दीर, डिकीतून कलिंगडं काढायला लागला. हेमांगी उतरली ती थेट ओट्यावर. "बापूजी! काय हिरवंगार ठेवलंय हो या उन्हात!"

"हात नको लाऊ," बापूजी लहान पोरासारखे म्हणाले. "आधी जेवन. मंग निवांत तार सोडसूत. बठासले दखाडनं शे." सगळ्यांना दाखवायचं होतं त्यांना. झाड त्यांनी उचलून बैठकीत, आखाजीला पितरांसाठी मांडलेल्या घागरीशेजारी स्टुलावर नेऊन ठेवलं.

स्वयंपाकघरात पुरणपोळ्या चालल्या होत्या. नणंद रोहिणी सणाला माहेरी आलेली. ती चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरासमोर बसली होती आणि जसोदाबाई पाटावरून हुकूम सोडत होत्या. हेमांगी हात धुऊन आली, कमरेला ओढणी खोचली आणि म्हणाली, "भाभी, मला द्या काहीतरी."

"तू बस. प्रवासातून आलीस," मोहिनी म्हणाली. गोड बोलायला तिचं काय जातंय!

रोहिणीनं पोळी उलटली. "मोठी भाभी, तुले समजनं का? बापूजी नाशिकले जाई ऱ्हायनात."

"दवाखानामा दखाडाले?"

"ऱ्हायाले! भावेशना घरमा. गच्चीवर झाडांचं काय काय करणार आहेत दोघं."

मोहिनीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तिनं सासूकडे बघितलं. जसोदाबाई तूप मोजल्यासारखं करत होत्या.

"नक्की काही नाही अजून," हेमांगी घाईनं म्हणाली. "त्यांनाच यावंसं वाटतंय. तिथे ऊन कमी, झाडालाही बरं. भाभी, तुमची परवानगी असेल तरच हं."

परवानगी! या घरात मोहिनीला कोणी कधी काय विचारलं होतं? आणि लोक काय म्हणतील? प्रकाशा गावच्या देवळापासून शहाद्याच्या बाजारापर्यंत एकच होणार, मोठीनं नीट बघितलं नाही म्हणून म्हातारा धाकटीकडे गेला. इतक्या महिन्यांच्या बिनमिठाच्या वरणावर पाणी. तिला रडू येईना, राग येईना, नुसती कानशिलं तापली. आणि त्या तापातच एक विचार आला: झाड मेलंय. आता कळेल. कळलं की कशाचं नाशिक आणि कशाची गच्ची!

"जाऊ देत की," ती म्हणाली. "त्यांचं मन रमतंय तिकडे."

"देखा, कसी समजदार शे," जसोदाबाई म्हणाल्या आणि निश्चिंत होऊन तूप वाढायला लागल्या.

जेवणं झाली. पुरुष बैठकीत लोळले. बापूजींनी हाक मारली, "हेमांगी, ये बेटा. ती कातर लई ये."

बेटा! मोहिनी दाराच्या चौकटीत उभी राहिली, पदर कपाळापर्यंत ओढून. आत जायची तिला मुभा नव्हती, आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

हेमांगी स्टुलापुढे बसली. बापूजी वाकून उभे. तारेचा पहिला वेढा कापला, दुसरा कापला, आणि हेमांगीचे हात मंदावले. तिनं फांदीचं टोक बोटांत धरून हलकेच वाकवलं. कट्. फांदी तुटून तिच्या हातात आली.

"जपीसन," बापूजी म्हणाले.

हेमांगीनं नखानं खोड खरवडलं. एका जागी, मग खाली, मग अगदी मातीशी.

"बापूजी," ती हळूच म्हणाली, "हे गेलंय."

"काय गयं?"

"झाड. वाळलंय आतून."

"हिरवं शे ना!" बापूजी हसले. सगळ्यांकडे बघून हसले, जणू पोरीची गंमत चाललीय. "हेमकांत, देख बरं. हिरवं शे का नही?"

हेमकांत उठून बघायला आला. केळीच्या मळ्यात रोज मेलेलं-जिवंत पारखणारा माणूस, त्यानं एकदाच हात लावला आणि मान खाली घातली. बापूजींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरायला त्याला वेळ लागला. मग ते खुर्चीत बसले. काल रात्रीपर्यंत ते मोहिनीला घराच्या वाशाएवढे वाटायचे, आणि आता खुर्चीत नुसता सदरा दिसत होता.

हेच तर तिला हवं होतं. मग आनंद का होईना?

"असं कसं झालं पण?" रोहिणी म्हणाली. "बापूजी तर जिवापाड जपत होते. दुपारी ते झोपतात तेव्हा ओट्यावर कोण असतं?" आणि तिनं चौकटीकडे बघितलं. "घरात तर मोठी भाभीच असते दिवसभर."

"ताई, काहीतरीच काय!" हेमांगी पटकन म्हणाली. "भाभी कशाला काही करतील? ऊनच फार आहे इथलं."

आता जिच्यावर दात ओठ खावेत तीच आपली बाजू घेते, यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी. मोहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. हेमकांत पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. सासू पदरानं वारा घेत होत्या. कोणी म्हणेना की ही असं करणार नाही. म्हणजे सगळ्यांना वाटत होतं की ही असं करू शकते.

बापूजींनी मान वर केली. मोहिनी त्यांच्यापासून दोन हातांवर होती. त्यांनी तिच्या डोक्यावरच्या पदराकडे बघितलं आणि तोंड फिरवून म्हणाले, "हेमकांत, तुन्ही बायकोले विचार. झाडले कोनी काही करं का?"

हेमकांतनं तोंड उघडलं. त्याच्या आधी मोहिनीचं उघडलं.

"त्यांना कशाला विचारताय? मी इथेच उभी आहे."

सासऱ्याशी घरच्या बोलीत बोलायची तिला सवयच नव्हती, म्हणून तोंडात शाळेतली मराठी आली, आणि ती आणखीच परकी वाटली.

"झाडाला कोणी काही केलं नाही, बापूजी. तुम्हीच केलं. रोज पहाटे केळीचं खत घालत होतात. मुळं जळली त्याची."

"मोहिनी! पदर!" जसोदाबाई ओरडल्या. पदर खांद्यावर आला होता. तिनं तो वर घेतला नाही.

बापूजी तिच्याकडे बघत राहिले. "तुले कसं माहीत?"

"खिडकीतून दिसत होतं."

"रोज?"

"रोज."

"मंग सांगं का नही?"

"कोणाला सांगू? मी तुमच्याशी बोलायचं नाही ना? चहा आणला तर कडी वाजवायची. मीठ जास्त झालं तर हेमकांतनं सांगायचं. हिला सगळं माफ. ही मनगट धरते तुमचं, तुम्ही हिला बेटा म्हणता. मी सून नाही का या घरातली? मला नाव तरी आहे का? हेमकांतची बायको!"

"मला सांगायचं होतंस," हेमकांत पुटपुटला.

"हो," मोहिनी म्हणाली. "तुम्हाला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मर्यादा आडवी आली म्हणून नाही, मनात जळत होते म्हणून. म्हटलं मरू दे. मेलं की ही येणं कमी करेल. आणि आज म्हटलं, मेलंय तर बापूजी जाणार नाहीत."

हेमांगीनं हातातली फांदी स्टुलावर ठेवली. "भाभी, मला वाटायचं तुम्हाला त्यांच्याशी बोलायला आवडत नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं हे मोहिनीला कळत होतं, म्हणून ती तिच्याकडे बघूच शकली नाही.

ती बापूजींकडे बघत होती. आता ओरडतील. ओरडू देत! तोंडावर ओरडतील, तिच्या स्वतःच्या तोंडावर, तेवढं तरी होईल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांचे डोळे सरळ पाहिले. ते घारे होते. हेमकांतचे डोळे कोणावर गेले हे तिला आज समजलं.

"इतला वरीसमा आज मन्हासंगे बोलनी," बापूजी अगदी हळू म्हणाले. "अन् बोलनी ते हाई?"



बापूजी उठले. स्टुलावरची ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि हेमांगीपुढे धरली, जणू तिची वस्तू तिला परत करावी तशी. "तू जाय बेटा. मी नही येत नाशिकले."

"बापूजी, दुसरं आणू. पहिलं झाड सगळ्यांचंच मरतं हो, खरंच."

"नको. मन्हा हात नही तसा." आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

ऊन कलल्यावर नाशिकची गाडी निघाली. भावेश मोहिनीला काही न बोलता गाडीत बसला. हेमांगीनं खाली वाकून जसोदाबाईंना नमस्कार केला, मग मोहिनीलाही केला, आणि काच वर करून घेतली. रोहिणी लगेच शेजारी बसायला गेली, म्हणजे गल्लीभर व्हायला आता वेळ नव्हता. हेमकांत पाण्याची मोटार सुरू करायला मळ्यात निघून गेला, जाताना बायकोला म्हणाला, "तुन्हासंगे नंतर बोलसू." त्याच्या बोलण्यात राग होता का दया, तिला ओळखू आलं नाही.

म्हणजे बापूजी राहिले. गावात कोणी म्हणणार नव्हतं की मोठीनं सांभाळलं नाही. जे हवं होतं ते पदरात पडलं होतं.

बापूजी दार उघडून ओट्यावर येऊन बसले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. मोहिनीनं आधण ठेवलं. आलं किसताना तिच्या मनात एक वेडी आशा उठत होती. बोलले ना आज? रागानं का होईना, थेट बोलले. एकदा तोंड उघडलं ते आता पुन्हा कशाला मिटायचं? तिनं पदर डोक्यावर घेतला, पण कपाळावर ओढला नाही. कप घेऊन ती दारापाशी आली. कडीला हात लावला नाही. उंबरा ओलांडला, ओट्यावर गेली, त्यांच्या अगदी समोर उभी राहिली.

"बापूजी," ती म्हणाली, "चहा."

बापूजी रस्त्याकडे बघत होते. त्यांनी ऐकलं होतं, मानेची शीर हलली ती तिला दिसली. कपातल्या चहावर साय धरायला लागली.

"हेमकांत," ते म्हणाले, "तुन्ही बायकोले सांग, उंबरावर ठी दे म्हना."

ओट्यावर त्या दोघांखेरीज कोणी नव्हतं.